आठवड्यातला एक वार शेजारच्या घरासाठी

"काही लागलं तर सांगा हं." जिन्यात, लिफ्टपाशी, दवाखान्याच्या दारात हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. तरी त्यावर फारसं कुणी काही मागत नाही. मागायचं काम आपण अडचणीतल्या माणसावरच टाकलेलं असतं ना! ज्या घरात आजारपण आहे त्या घरातल्या बाईने आधी आपल्याला काय हवंय ते ठरवायचं, ते कुणाला सांगावं याचा विचार करायचा, समोरच्याला जड तर जाणार नाही ना याचा अंदाज घ्यायचा आणि मग फोन करायचा. एवढं त्राण असतं तर तिने स्वतःच कुकर लावला असता.

त्यापेक्षा असं म्हणावं : "मी आत्ता मंडईत चाललेय. तुमच्यासाठी कोथिंबीर, लिंबं आणि एक दुधी आणते. आणखी काही?" किंवा, "उद्या सकाळचा नाश्ता माझ्याकडे. पोहे करू की उपमा?" यात काय आणणार आणि कधी आणणार हे ठरलेलं आहे, शिवाय मी तशीही निघालेच आहे हेही कळतं. समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. पर्याय दोनच द्यावेत. चार दिले की तो माणूस पुन्हा विचारात पडतो. आपल्याकडे पहिलं "नको" बहुतेक वेळा संकोचापोटी येतं, म्हणून एकदा हळूच पुन्हा विचारायला हरकत नाही. दुसऱ्यांदाही नको आलं तर ते खरं धरावं, आणि तीन-चार दिवसांनी वेगळंच काहीतरी विचारावं.

माणसं जवळ येतात ती अशा लहान, ठरलेल्या आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या देण्याघेण्यातून, असं माझं ठाम मत आहे. पुण्यात याची जुनी रीत होती. बाहेरगावाहून शिकायला आलेला गरीब मुलगा सात घरी वार लावून जेवायचा. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असा आठवडा भरायचा. १९०९ साली सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहातली मुलंही माधुकरी मागून शिकली. ती सोय जातीच्या चौकटीत बांधलेली होती आणि सगळ्यांसाठी खुली नव्हती, हे विसरून चालणार नाही. काही घरांत त्या मुलांना बोलणीही खावी लागत. पण त्यातली योजना मात्र विलक्षण शहाणी होती. आठवड्यातून एकदा एक ताट वाढवणं कुठल्याच घराला डोईजड होत नव्हतं, आणि दर सोमवारी त्याच पाटावर बसणारा मुलगा वर्षभरात त्या घरचा होऊन जायचा. ती चौकट टाकून देऊन योजना उचलावी, एवढंच सांगायचंय.

वारीतही हेच दिसतं. ज्येष्ठात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेत आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेत दोन रात्री मुक्कामाला असते. तेव्हा केळी आणि बिस्किटांचे पुडे वाटणारे हात रस्त्यावर भरपूर असतात. एकाच कोपऱ्यावर इतकं येतं की वारकऱ्याला ते पिशवीत मावत नाही. कमी पडतात ते स्वच्छ संडास, आंघोळीला पाणी, पाठ टेकायला कोरडी जागा, फोन चार्ज करायला प्लग आणि तुटलेली चप्पल शिवून देणारा माणूस. एकच दिंडी वर्षानुवर्षं ज्या वाड्यात किंवा सोसायटीत उतरते, तिथल्या लोकांना हे विचारावं लागत नाही. कुणाचे गुडघे धरतात आणि कुणाला रात्री फक्त दूध-भाकरी लागते, ते ठाऊक असतं.

आता आजच्या सोसायटीत वार कसे लावायचे ते सांगते. नेहमी काय होतं? तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं ऑपरेशन ठरलं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो. त्याखाली हात जोडल्याच्या चाळीस खुणा पडतात. पहिल्या रात्री तीन घरांतून तीन डबे येतात, तिन्हींत बटाट्याची भाजी, आणि पाचव्या दिवशी कुणीच नाही. म्हणून एका माणसाने सूत्रं हातात घ्यावीत. त्याने आजारी घराशी एकदाच नीट बोलावं : जेवणारी माणसं किती, पथ्य काय, कोणती वेळ बरी, डबा किती दिवस लागेल. मग सहा-सात घरांचा वेगळा छोटा ग्रुप करावा आणि त्यात आजारी घराला घेऊ नये, नाहीतर "मला या बुधवारी जमणार नाही" हे वाचून त्यांनाच ओशाळं वाटतं. प्रत्येकाने एक वार घ्यावा आणि आदल्या रात्री नऊपर्यंत ग्रुपवर भाजीचं नाव टाकावं. सात घरं मिळाली नाहीत तर चार चालतील. उरलेले तीन दिवस पोळी-भाजी केंद्रातून आणता येते, आणि पुण्यात ती गल्लोगल्ली आहेत. ज्याला स्वयंपाक जमत नाही त्याने तो वार घ्यावा. विकत आणलेला डबा वेळेवर पोचला की तोही तितकाच मोलाचा.

दोन माणसांच्या एका वेळच्या डब्याला पाव किलो कणकेच्या सहा-सात पोळ्या, २५०-३०० ग्रॅम भाजी, अर्धी वाटी तुरीच्या डाळीचं वरण आणि पाऊण वाटी तांदळाचा भात पुरतो. आपल्या घरचा स्वयंपाक होतच असतो, त्यात एवढ्याने अर्ध्या तासाचं काम वाढतं. याहून जास्त पाठवू नये. उरलेलं अन्न फ्रिजमध्ये कोंबत बसणं हे त्या घराला आणखी एक काम होतं, आणि टाकून दिलं तर त्यांच्या जिवाला लागतं.

पोळी तव्यावरून थेट डब्यात गेली की झाकणाला वाफ धरते, तिचं पाणी होऊन खाली उतरतं आणि खालच्या दोन पोळ्यांचा लगदा होतो. म्हणून तेल किंवा तूप लावलेली पोळी आधी जाळीवर दोन-तीन मिनिटं ठेवावी, मग धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालावी. वरण नेहमीपेक्षा थोडं पातळ ठेवावं, कारण निवताना ते आळतं. मऊ खिचडीचंही तेच. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मुगाची डाळ आणि सहा वाट्या पाणी घेतलं की तिघांपुरती खिचडी होते. ती तासाभरात घट्ट होणार, तेव्हा "वाटीभर कढत पाणी घालून सारखी करा" असं सांगून ठेवावं. तूप वेगळ्या छोट्या डबीत द्यावं. मीठ जरा कमीच असू द्यावं, वरून घेता येतं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ओल्या खोबऱ्याचं वाटण टाळावं, ते लवकर आंबतं. शिजवलेला भात दोन तासांहून जास्त वेळ नुसता बाहेर ठेवू नये. त्यातले जिवाणू वाढून विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. अशक्त माणसाला आजारी पाडायला तेवढंही पुरतं.

डबा पोचवायची वेळ ठरवून घ्यावी आणि पाळावी. साडेबाराला सांगितलेला डबा पावणेदोनला गेला तर मधुमेह असलेल्या माणसाचं गोळ्यांचं गणित चुकतं. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये; आजारी माणसाला आणि त्याची रात्रभर उस्तवार करणाऱ्याला तेवढीच झोप मिळते. दाराला पिशवी अडकवून मेसेज टाकला की झालं. डबा द्यायला गेलं म्हणून आत जाऊन बसायलाच हवं असंही नाही. भेट म्हणाल तर दहा मिनिटांची असावी, आणि ऑपरेशनच्या हकिगती, "आमच्या एका नातेवाइकाला अस्संच झालं होतं" वगैरे तर अजिबात नको.

दवाखान्यातलं गणित वेगळं असतं. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत रुग्णाचं जेवण आहारतज्ज्ञ ठरवतात आणि बाहेरचं अन्न चालत नाही. तिथे उपाशी राहतो तो सोबत बसलेला माणूस. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात तर बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली माणसं असतात, त्यांचं इथे ओळखीचं घरही नसतं. सोबतच्या माणसासाठी एका हाताने, उभ्या उभ्या खाता येईल असं काहीतरी न्यावं : तूप-गुळाची गुंडाळलेली पोळी, मेथीचे पराठे, दशमी-चटणी, थालीपीठ. रस्सा नको, तो पीएमपीच्या बसमध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत हमखास सांडतो. डब्याबरोबर आणखीही एक पिशवी द्यावी. तिच्यात लांब वायरचा चार्जर, पाण्याची बाटली, पातळ चादर, कंगवा, साबणाची वडी, सुटे पैसे आणि झेरॉक्सला लागणारी कागदपत्रं ठेवायला एक प्लॅस्टिकचं फोल्डर असावं. ही पिशवी हातात पडली की माणसाचा जीव कसा भांड्यात पडतो, ते दवाखान्यात रात्र काढलेल्या कुणालाही विचारा.

रुग्णाला नेताना एक चूक फार होते, तिच्याबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं. दवाखान्यात जायचं म्हणजे शहाळं न्यायचं, ही आपली सवय. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. ज्याची मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत त्याच्या रक्तात ते साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. केळी, संत्री, सुका मेवा यांचंही तेच. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला फोडणीच्या वासानेच मळमळतं, आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतील तर कच्ची कोशिंबीर किंवा कापून आणलेली फळं नकोत. म्हणून काही न्यायच्या आधी "डॉक्टरांनी काय बंद केलंय?" हा प्रश्न विचारावा. "काय आवडतं?" हा त्यानंतरचा.

एवढ्याशा गोष्टीने त्यांना काय वाटणार, या विचाराने आपण अनेकदा मागे सरतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी हीच शंका तपासून पाहिली. शिकागोतल्या बर्फावरच्या स्केटिंगच्या मैदानावर लोकांना एक पेलाभर गरम चॉकलेट दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितलं आणि घेणाऱ्याला कितपत बरं वाटेल याचा अंदाज विचारला. देणाऱ्यांचे अंदाज कमी पडले, घेणाऱ्यांना त्याहून बरंच जास्त बरं वाटलं होतं. देणारा वस्तूकडे पाहत राहतो, घेणाऱ्याला मात्र कुणीतरी आपली आठवण ठेवली हे जाणवतं. वाटीभर सांज्यालाही हे लागू आहे, तेव्हा "इतकंच कसं न्यायचं" म्हणून थांबू नये.

मृत्यू झालेल्या घराचं मात्र वेगळं बोलावं लागेल. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही; आप्त, शेजारी पिठलं-भात आणतात, कुठे त्याला कडू घास म्हणतात. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. खरा एकटेपणा सुरू होतो चौदाव्या-पंधराव्या दिवशी, सगळे आपापल्या गावी गेल्यावर. नेमकं तेव्हाच शेजारही थांबतो. माझं म्हणणं, पहिल्या तेरा दिवसांत जमलं नाही तरी चालेल, चौदाव्यापासून पुढचे तीन महिने आपला वार लावून घ्यावा. एकट्या राहिलेल्या माणसाला दोघांचा स्वयंपाक करायची सवय असते, एकट्यापुरतं करावंसं वाटत नाही. अशा वेळी डब्यापेक्षा "रविवारी आमच्याकडे जेवायला या, साडेबाराला हाक मारते" हे जास्त उपयोगी पडतं. त्यात कागदांची कामं एकदम अंगावर येतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दाखल्याच्या प्रती बँक, विमा, पेन्शन, वीजमीटर, गॅस अशा प्रत्येक ठिकाणी लागतात, म्हणून सुरुवातीलाच आठ-दहा काढून ठेवाव्यात. बँकेत सोबत जाणं ही फार मोठी मदत आहे. फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सोडून दिवस ठरवा, नाहीतर त्या माणसाला बंद दारावरून परत यावं लागेल. आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नये. "काकांनी लावलेला कढीपत्ता मस्त फुटलाय" असं म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्यावं.

ज्येष्ठांसाठी नोव्हेंबरात करण्यासारखं एक काम आहे : हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून आपण हयात असल्याचा दरवर्षी द्यायचा पुरावा. २०१४ पासून जीवन प्रमाण योजनेत तो डिजिटल काढता येतो, आणि आता चेहरा ओळखूनही होतो. फोनमध्ये आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप लागतात. आधी ॲप चालवणाऱ्याची ऑपरेटर म्हणून नोंद करावी लागते; ती निवृत्त व्यक्ती स्वतःच्या नावेही करू शकते. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन देण्याच्या आदेशाचा) क्रमांक, पेन्शनचं बँक खातं आणि ओटीपी येईल तो मोबाइल हाताशी ठेवावा. चेहरा टिपला जात नाही त्याची कारणं बहुधा साधीच असतात : पाठीमागे उजेडाची खिडकी, चष्म्यावर पडलेली चकाकी, वेळेवर न मिटलेली पापणी. माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवावं, चष्मा काढावा, फोन आपण धरावा. उतारवयात बोटांचे ठसे झिजतात, त्यामुळे ठशाच्या यंत्रावर जे वारंवार अडतं ते इथे होऊन जातं. पीपीओचा एक आकडा चुकला तरी दाखला पुढे नामंजूर होऊ शकतो, तेव्हा आकडे मूळ कागदावरून दोघांनी मिळून वाचावेत. ओटीपी त्यांनीच वाचावा आणि त्यांनीच भरावा. आपण शेजारी बसायचं, फोन हिसकावून घ्यायचा नाही. मदत करता करता त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं तर ते पुढच्या वर्षी आपल्याला बोलावणार नाहीत.

इथेच घेण्याचं येतं. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यायची, हे आपल्याला घरात शिकवलेलं असतं. ते पाळणाऱ्याला अडवू नये. आजारपणात भांड्यांची परतफेड हे मात्र ओझं होतं, म्हणून डब्याला कागदी पट्टी लावून नाव आणि फ्लॅट क्रमांक लिहावा आणि "घासू नका, मी उद्या येताना नेते" असं सांगावं. पण बरं वाटल्यावर त्या काकूंनी लोणच्याची बरणी आणून दिली तर "अहो, कशाला!" म्हणत परत करू नये, घ्यावी, आणि चार दिवसांनी लोणचं कसं मुरलंय तेही सांगावं. १९६९ साली जेकर आणि लँडी या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगात जिंकलेले पैसे काही जणांकडे व्यक्तिगत विनंती करून परत मागितले. ज्यांनी ती विनंती मान्य केली, त्यांना मागणारा माणूस इतरांपेक्षा जास्त आवडू लागला. आपण ज्याच्यासाठी काही करतो त्याच्याबद्दल आपल्याला आपुलकी वाटू लागते. म्हणून नव्या शेजाऱ्याशी ओळख करायची असेल तर काही देण्याबरोबर काहीतरी मागावंही : इडलीपात्र, शिडी, दोन दिवस कुंड्यांना पाणी. सतत देणारा आणि कधीच न घेणारा माणूस इतरांना नकळत खाली बसवतो.

जे हक्काचं आहे ते मात्र भेट म्हणून देऊ नये. घरकामाच्या मावशींचा पगार एक तारखेला, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा आणि दिवाळीचा बोनस हे त्यांचं येणं आहे, आपली माया नव्हे. माया दिसते ती त्यापुढे : शिळं त्यांच्या हाती न देता आपल्यासाठी केलेल्या चहातलाच कप देण्यात, मुलीच्या दहावीच्या परीक्षेचा आठवडा लक्षात ठेवून स्वतःहून उशिरा यायला सांगण्यात. कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंसाठीही असंच काही करता येतं. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर 'काच' लिहावं. सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर वर्तमानपत्रात बांधून वर लाल ठिपका काढावा, म्हणजे न उघडताच आत काय आहे ते कळतं. ओला कचरा निथळून द्यावा. या सगळ्याला दिवसाला दोन मिनिटं लागतात, आणि त्यांचे हात चिरत नाहीत.

शेवटी, लावलेला वार थांबवायचा कसा हेही ठरवावं लागतं. एकदम बंद केलं की समोरच्याला आपलं काही चुकलं का असं वाटतं. साधारण दोन-तीन आठवड्यांनी, टाके निघाल्यावर किंवा घरातलं माणूस स्वयंपाकघरात उभं राहू लागल्यावर, सूत्रधाराने स्पष्ट विचारावं, "पुढच्या सोमवारपासून रोजचा डबा थांबवू, की फक्त रात्रीचा ठेवू?" रोजचा थांबला तरी सात घरांपैकी एका घराने आपला वार चालू ठेवावा. ते घर बहुधा आपोआपच ठरतं, ज्याच्या आमटीची चव त्यांना आवडली आहे ते. डबा नसला तरी त्या वारी वाटीभर आमटी जावी, किंवा संध्याकाळी साडेपाचला चहाला बसावं. आणि त्या दिवशी आपल्याला जमणार नसेल तर आदल्या दिवशी तसं कळवावं, कारण एव्हाना तिकडे वाट पाहणं सुरू झालेलं असतं.